कमलबाईची मूठ

कनेरगाव नाक्यावरच्या उत्तमरावांच्या गोदामात त्या रविवारी सकाळी एकतीस खुर्च्या, तेवीस माणसं, अठरा जांभळ्या बाटल्या, पोह्यांचं एक पातेलं, लिंबाच्या फोडींची एक ताटली आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असा एक बॅनर होता. टेबलावर काट्याचं एक बीपी मशीन होतं. डॉक्टर एकही नव्हता.

तेविसातली एक ज्योती. नांदेडहून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच परतलेली. घरी पाऊल टाकलं तेव्हा आईच्या हातून कात्री निसटून फरशीवर पडलेली तिनं पाहिली होती. तिची आई, कमलबाई, नाक्यावर ब्लाउज शिवायची आणि तिला आमवात होता. कमलबाईची प्रतिकारशक्ती मुळीच कमी नव्हती. उलट ती नको तितकी जोरात होती. जंतू सोडून घरच्याच सांध्यांना बडवत सुटली होती. तिला आवरायला नांदेडच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी दिली होती. कमलबाई ती रविवारी घ्यायची, सोमवार मळमळीत काढायची आणि मंगळवारपासून कात्री चालवायची. दोन महिन्यांपूर्वी तिनं गोळी बंद केली आणि परदेशी फळाच्या रसाची जांभळी बाटली सुरू केली.

बाटली उत्तमरावांची. मागच्या वर्षापर्यंत याच गोदामातून ते फवारणीची औषधं विकायचे. आवाज त्यांनी तोच ठेवला होता, फक्त किडीच्या जागी रोग आला होता.

“ज्योती, काहून मागं बसली पोरी? म्होरं ये. शिकलेल्या माणसानं जवळून पाहावं.”

त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि त्यात जखमेवर लावायच्या आयोडीनचे थेंब टाकले. पाणी तपकिरी झालं.

“हे तुमचं रगत,” उत्तमराव म्हणाले. “खतं, फवारे, गाड्यांचा धूर, समदं यात हाय. आता पाहा.”

त्यांनी त्यात झाकणभर रस ओतला. तपकिरी रंग गेला, किंचित गुलाबी झाक उरली. गोदामभर ‘आँ’ झालं.

ज्योती उठली. तिनं दुसऱ्या ग्लासात तसंच तपकिरी पाणी केलं आणि पोह्यांवरची लिंबाची फोड त्यात पिळली. पाणी पहिल्या ग्लासापेक्षाही स्वच्छ झालं.

“काका, हे क जीवनसत्त्व आहे. ते आयोडीनचा रंग घालवतं, बस. कुणाच्याच रक्तात आयोडीन असं तरंगत नसतं.”

उत्तमरावांनी दोन्ही ग्लास उंच धरले. “ऐकलं का? मॅडमनंच सिद्ध केलं! साध्या निंबात एवढी ताकद, तर सातासमुद्रापलीकडच्या फळात किती असंल!”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या सखुबाईंनी, वय वर्षे एकाहत्तर, दोन फोडी पदराला बांधल्या.

ज्योतीनं तरी नेट धरला. “त्या फळाचा जो जांभळा रंग आहे, त्यातल्या द्रव्यांचा प्रतिकारपेशींवर परिणाम होतो. पण तो काचेच्या बशीतल्या पेशींवर. तोही त्यांना चेतवण्यापेक्षा शांत करण्याकडे जास्त. आणि माणूस रस पितो तेव्हा त्यातलं थोडंच रक्तात पोचतं, बरंचसं आतड्यातले जंतू मोडून टाकतात. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत, म्हणून…”

“परिणाम होतो!” उत्तमराव म्हणाले. “मॅडम सोताच म्हणून राहिल्या!”

लोक वाक्यातल्या ‘पण’च्या अलीकडचंच ऐकतात, हे ज्योतीला एम.एस्सी.त कुणी शिकवलं नव्हतं.

“आता कमलबाई सांगतील,” उत्तमरावांनी हात केला. “कमलबाई, कसं वाटून राहिलं?”

कमलबाई पदराखाली हात धरून उभी राहिली. “बरं हाय भाऊ. रातचं ठणकतं जरा.”

“ठणकणारच! जहर बाहेर निघून राहिलं. दुखलं की समजायचं, लागू पडलं.”

“आणि नाही दुखलं तर?” ज्योतीनं विचारलं.

“तं बरं झालं!”

यावर सगळे हसले. ज्योतीलाही हसू आलं असतं, पण तिला पदराखालची ती बोटं दिसत होती. पुढ्यात बीपीचं मशीन होतं. मुठीची ताकद पाहायला नांदेडचे डॉक्टर दरवेळी आईला असल्याच मशीनचा पट्टा गुंडाळून मुठीत दाबायला लावायचे. तिनं पट्टा गुंडाळला, काटा विसावर येईल इतकी हवा भरली आणि उत्तमरावांपुढे धरला.

“काका, दाबा.”

“अहो, ते दंडाला लावतेत,” उत्तमरावांनी शिकवलं. पण तेवीस जण पाहत होते. त्यांनी दाबलं. दोनशे साठ.

“आन मला,” सखुबाईंनी हात पुढं केला. एकशे ऐंशी. “पाहा, निंबू न खाताच!” त्या म्हणाल्या.

मग ज्योतीनं पट्टा आईपुढे धरला. कमलबाईला ही परीक्षा ठाऊक होती. मागच्या वेळी तिचे एकशे तीस भरले होते आणि डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली होती.

“दावा पोरीला, कमलबाई!” उत्तमराव ओरडले. “जोरात!”

कमलबाईनं दात आवळले, खांदा उचलला, डोळे मिटले. काटा अडतीसवर गेला आणि थरथरला.

उत्तमरावांनी मशीनवर टिचकी मारली. “काटा अडकला असंल.” त्यांनी स्वतः पुन्हा दाबलं. दोनशे साठ.

कमलबाईनं आपल्या बोटांकडे पाहिलं, मग लेकीकडे. “आज ऐतवारच हाय ना गं?”

ज्योतीनं तिथूनच नांदेडला फोन लावला. डॉक्टर आधी चिडले, मग म्हणाले, रक्त तपासून घ्या आणि मला दाखवून गोळी सुरू करा.

गोळी सुरू झाली. रसाची बाटली मात्र कमलबाईनं सोडली नाही.

“आई, दोन्ही घेतलंस तर फरक कशानं पडला ते कळणार कसं?”

“मला हात पायजे, तुला हिशोब पायजे,” कमलबाई म्हणाली. “घरात आणल्या दोन बाटल्या त्या काय नालीत ओतू?”

अडीच महिन्यांनी कात्री पुन्हा चालू लागली. काटा एकशे बारावर गेला. आठवडाभरात गोदामावर नवा बॅनर लागला. त्यावर कमलबाईची मिटलेली मूठ होती आणि खाली जांभळी बाटली. ‘आपल्या नाक्यावरचा पुरावा’, असं उत्तमरावांनी मोठ्या अक्षरांत छापलं होतं. ज्योती बॅनर फाडायला निघाली, तेव्हा कमलबाईनं तिला अडवलं. “ऱ्हाऊ दे. फोटू चांगला आला.”

त्याच सुमारास दुसरी बाटली संपली. तिसरी कमलबाईनं घेतली नाही. गोळी रविवारी चालूच राहिली. सहा आठवड्यांनी ज्योतीनं पट्टा गुंडाळून विसापर्यंत हवा भरली आणि आईच्या हातात दिला.

एकशे चौतीस.