झाडाआडच्या बाणाचा अर्थ

माझे थोरले दीर रामसुमेर यांनी सकाळी चाबकाच्या दांड्यानं बैलाचा डोळा फोडला आणि त्याच दुपारी मंडळीत बसून भूतदयेवर असं बोलले, की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही तिथंच होते. बैलाच्या डोळ्यावर हळद दाबून आले होते, माझी बोटं अजून पिवळी होती. मला रडू आलं नाही.

लंबासा गावाच्या पलीकडे, बेटावरच्या उसाच्या पट्ट्यात आमची तीसेक घरं. दर रविवारी दुपारी पाळीपाळीनं एकेकाच्या अंगणात पोथी बसते. मुनेसर काका गाऊन वाचतात. पणजोबा उसाच्या मजुरीला इथं आले तेव्हा जहाजातून आणलेली ती जुनी बोली आता निम्म्या लोकांना कळत नाही. म्हणून दोन-चार ओळी झाल्या की ढोलक थांबतो आणि अर्थ सांगणारा आमच्या रोजच्या बोलीत अर्थ सांगतो. हा मान रामसुमेर यांचा. आजच्या माणसाला पटेल असं सांगायची त्यांची हातोटीच होती. समुद्रावरचा पूल म्हणजे रस्ते खात्याचं टेंडर, राक्षस म्हणजे उसाचा काटा मारणारे साहेब. लोक पोट धरून हसायचे. ब्रिस्बेन आणि ऑकलंडला गेलेली पोरं फोनवरून थेट ऐकायची आणि म्हणायची, आम्हाला पोथी कळली ती सुमेरदादांमुळं.

आणि त्यांची मर्यादा काय सांगावी! आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोला शिवत नाही. तिच्याशी थेट बोलतही नाही. मी पाण्याचा पेला जमिनीवर ठेवायचा, मागं सरायचं, मग त्यांनी तो उचलायचा. चुकून माझा पदर लागला, तर सगळ्यांच्या देखत नळाखाली जाऊन अंघोळ करून यायचे. बायका म्हणायच्या, "ग्यानवती, असा दीर मिळायला नशीब लागतं गं."

गोठ्यात ती मर्यादा नव्हती. उसात नव्हती. माझा नवरा जयकरण लॉरी घेऊन कारखान्यावर गेला, की ती खुंटीला टांगलेली असायची. पहिल्यांदा त्यांनी मागून वेणी धरली आणि मनगटाला गुंडाळून मला गव्हाणीवर दाबलं. मी दुधाची बादली त्यांच्या गुडघ्यावर हाणली आणि सुटले. दुसऱ्या वेळी बादली हाताशी नव्हती. मी चावले, तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं धरून उलटी वाकवली. ओला ऊस मोडावा तसा आवाज आला. माझी किंकाळी ऐकून सासूबाई धावत आल्या, तोवर हे वासराला थोपटत उभे होते. "दाव्यात अडकली बोटं," ते आईला म्हणाले. "तिला सांग, जरा जपून काम करावं."

मी नवऱ्याला सांगितलं. त्याच दिवशी, तो जेवायला बसला तेव्हा. उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा घास त्याच्या हातातच राहिला. मग त्यानं मूठ वळली आणि माझ्या तोंडावर मारली.

"दादावर आळ घेतेस? ज्यानं तुझ्या हातचा पेला कधी धरला नाही, त्याच्यावर?"

माझा दात त्याच्या ताटात पडला. ते ताट मीच घासलं.

हे सगळं मी पोटात ठेवून जगलेही असते, बायका जगतातच. पण जयकरणला ऑस्ट्रेलियात फळं तोडायचं काम मिळालं. बुधवारचं विमान होतं आणि नऊ महिने तो येणार नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "घाबरू नको, थोरला आहे ना घरात." आणि थोरले खांबाकडे बघत म्हणाले, "तिला सांगा, काळजी करू नये. आता सगळं माझ्या हवाली." मी त्या दिवशी उसाचा कोयता दगडावर घासायला घेतला. बुधवारनंतर एक तर ते मरणार होते, नाहीतर मी.

त्याआधीचा रविवार आमच्या अंगणाचा होता. पोथी ओळीनं वाचतात, पान सोडायचं नसतं, आणि एक फेरा पुरा व्हायला वर्षं जातात. कुठल्या घरी कुठलं पान येईल ते कुणाच्या हातात नसतं. आदल्या दिवशी पाट मांडताना मी खूण उघडून बघितली. माहेरी तवुआला माझे आजोबा अर्थ सांगायचे, मी त्यांच्या मांडीशी बसून मोठी झाले. हे पान मला पाठ होतं. कोयता मी परत मेढीला अडकवला.

रविवारी अंगण भरलं. पुरुष नंगोनाचा, मुळांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाचा, वाडगा फिरवत बसले. फोन नारळाच्या खोडाला बांधला. जयकरण दंडताल घेऊन बसला. हातभर लांब लोखंडी सळई, ती घोड्याच्या नालानं वाजवायची; त्याच्याइतका पक्का ठोका आमच्याकडे कुणाचा नाही.

मुनेसर काका गाऊ लागले. वानरांचा राजा छातीत बाण घेऊन पडलाय. धाकट्या भावाला हाकलून त्याची बायको बळकावलेला राजा. तो देवाला विचारतो, मला झाडाआडून का मारलंस, माझा गुन्हा काय? देव उत्तर देतो. ते उत्तर काकांनी दोनदा गायलं, सगळ्यांनी मागून म्हटलं, जयकरणनंही म्हटलं, ठोका धरून, एक शब्द न कळता.

ढोलक थांबला. रामसुमेर खाकरले.

"आता आजच्या भाषेत बघा. थोरला भाऊ म्हणजे घराचा खांब. इथं खांबालाच वाळवी लागली, घमेंडीची. देवानं खांब पाडला. मंत्र्यालासुद्धा पाडतो, तर माकडाचं काय घेऊन बसलात!" लोक हसले. "सार काय, तर घमेंड नको, घरात एकोपा ठेवा. चला काका, पुढं."

"आणि गुन्हा?" मी बायकांतून म्हणाले.

ते खांबाकडे बघायला लागले. "तिला सांगा, पोथीत मधे बोलू नये."

"त्यानं गुन्हा विचारलाय. देवानं सांगितलाय. तुम्ही तो गिळलात."

"अरे वा!" ढोलकवाला परमोद ओरडला. "वहिनी पंडित झाल्या! आता आम्ही जेवण रांधायचं का?"

"रांध की. मीठ तरी कळेल," मी म्हणाले आणि उभी राहिले. "देव म्हणतो, धाकट्या भावाची बायको, बहीण, सून, या लेकीसारख्या. लेक धरून चौघी सारख्या. त्यांच्यावर जो वाईट नजर टाकेल, त्याला मारलं तर पाप लागत नाही. हा अर्थ आहे. यात खांब नाही, वाळवी नाही."

नारळाच्या खोडावरच्या फोनमधून ब्रिस्बेनचा कुणी पोरगा ओरडला, "काय म्हणाली? आवाज तुटला! परत सांगा!"

मी फोनपाशी गेले आणि परत सांगितलं, मोठ्यानं.

"बस खाली," जयकरण म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मोडक्या बोटांकडे बघत होता. "काका, हे असंच आहे का?"

मुनेसर काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "पोरगी बरोबर सांगते. सुमेर, ही ओळ तू का सोडलीस रे?"

रामसुमेर आसनावरून उठले ते मला दिसलंच नाही. मला जाणवली ती वेणी. मागून धरली, मनगटाला दोन वेढे दिले आणि मला चटईवर पाडलं. दुसरा हात न बघता माझ्या डाव्या हातावर गेला आणि नेमकी तीच दोन बोटं त्यानं मुठीत धरली. त्या हाताला वाट पाठ होती.

"तोंड उघडलंस तर पाचही मोडीन, सांगितलं होतं ना तुला!"

तुला म्हणाले. तिला नाही. सगळ्या अंगणादेखत.

आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. वेणी सुटली. ते आपल्या हाताकडे बघत राहिले आणि मग, देवाशपथ सांगते, सवयीनं त्यांची नजर नळाकडे गेली.

पहिला घाव जबड्यावर बसला. जी सळई मघाशी ताल धरत होती, तिचा आवाज आता ओला होता. रामसुमेर गुडघ्यांवर आले, तोंडातून दात आणि रक्त हातावर घेतलं. जयकरणनं दुसरा घाव खांद्यावर घातला, मग बरगड्यांवर. प्रत्येक घावाला तो ओरडत होता, "नाही पाप! नाही पाप!" आणि मेला तेही ठोक्यातच ओरडत होता. नंगोनाचा वाडगा उलटला. पोरं रडत घरात पळाली. रामसुमेर सरपटत पाटाखाली डोकं घालायला गेले, जिथं पोथी होती, तिथं. जयकरणनं त्यांना पाय धरून मागं ओढलं आणि सळई डोक्यावर उगारली.

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? तो हात खाली यावा असं मला वाटत होतं.

सासूबाईंनी मधे अंग टाकलं. सळई त्यांच्या खांद्याला चाटून जमिनीत रुतली, तेव्हा कुठं परमोद आणि चार जणांनी जयकरणला मिठी मारून धरलं. तो धापा टाकत होता. गालावर भावाचं रक्त उडालेलं होतं. त्यानं गर्दीतून मला शोधलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "केलं की नाही? केलं की नाही मी?"

शाबासकी हवी होती त्याला. माझी जीभ आपोआप दाताच्या खिंडीत गेली. स्वयंपाकघरात मी एकटीनं सांगितलं, तेव्हा याची मूठ माझ्यावर चालली. आज अंगणभर लोकांनी पाहिलं, तेव्हा हा शूर झाला. माझा शब्द त्याला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही नाही.

रामसुमेरना व्हॅनमध्ये घातलं. जबडा लोंबत होता, डोळे उघडे होते, जगतील असं वाटत होतं. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक ओळ होती गं. सोडून दिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"माझं बिघडलं असतं, माई."

त्यांनी तोंड फिरवलं. व्हॅन धूळ उडवत गेली. लोक चपला शोधू लागले.

"कुठं निघालात?" मुनेसर काका जागचे हलले नव्हते. "पोथी उघडी आहे."

उघडी पोथी सोडून उठत नाहीत. प्रसंग पुरा करायचा, आरती करायची, मगच घरी. घरात मढं असलं तरी हाच नियम आहे. लोक नाइलाजानं बसले. रक्त पडलेली चटई कुणीतरी उलटी टाकली. जयकरण नळाखाली सळई धुऊन आला आणि आपल्या जागी बसला, दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. अर्थ सांगणाऱ्याचं आसन रिकामं होतं. काकांनी त्यावर हात थोपटला.

"ये, सूनबाई. अर्थ अर्धा राहिलाय."

मी जाऊन बसले. कुणी नको म्हणालं नाही. परमोदही नाही.

"धाकट्या भावाची बायको लेकीसारखी, हे सांगून झालं," मी म्हणाले. "पण ती बायको आपल्या नवऱ्याकडे आली असती आणि म्हणाली असती, तुझा भाऊ मला धरतो, तर त्यानं ऐकलं असतं का? हे पोथीत नाही. म्हणून मी सांगते, आजच्या भाषेत." मी ओठ बोटानं वर केला आणि फोनकडे वळले, मग लोकांकडे. "हा दात माझ्या नवऱ्यानं पाडला. मी त्याला हेच सांगितलं होतं म्हणून. बुधवारी हा विमानात बसेल, नाहीतर पोलिसांच्या गाडीत बसेल. मी याच घरात राहीन. कुणाच्याही हवाली नाही. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

ब्रिस्बेनहून आवाज तुटला असं कुणी म्हणालं नाही.

जयकरणच्या हातातला नाल खाली पडला. तो तसाच बसून राहिला, मान खाली घालून, ओल्या सळईवर हात ठेवून. काकांनी पोथीतून डोळे न उचलता पान उलटलं.

"नाल उचल, जयकरण," ते म्हणाले. "ती अजून सांगतेय."