रुखमाचं डोकं दुखतं

"अजून लाल नाई झाला, बाप्पा. पळसाचा जाळ नरम असते," असं म्हणून गावठी दवापाणी करणाऱ्या मुखरू पुजाऱ्यानं विळा पुन्हा निखाऱ्यात सारला.

अंगणात बाजेवर चंदाचे सासरे गुणवंतराव बसले होते. मूल गावाहून सकाळच्या गाडीनं सुनेला घेऊन आले होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं म्हणत होते, सुनेसकट किंवा सुनेवाचून. मधल्या खोलीत चंदा डोक्याला लुगड्याची चिंधी आवळून पडली होती. घटकेघटकेला तिला कोरडी ओकारी येई. तिची आई अंजनाबाई दारात बसून होत्या, ना आत ना बाहेर. आणि सपरीत, म्हणजे ओसरीवर, अंजनाबाईंची सून रुखमा सुपात तांदूळ पाखडत होती. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. सूप मात्र थांबत नव्हतं.

हा दिवस रुखमानं मागून घेतला होता. देवाजवळ नव्हे, तिथं सासूचा वशिला मोठा. तिनं आपला चुलीजवळ मागितला होता, भातरोवण्याच्या चिखलात मागितला होता, झाडलोट करताना खराट्याजवळ मागितला होता. कोणीतरी ऐकलं म्हणायचं.

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळी झाली, त्याला चार-पाच वर्षं झाली होती. रुखमाच्या डोक्याचे तुकडे त्याच्या कितीतरी आधीच पडले होते. लग्न होऊन आष्टीजवळच्या या गावात आली आणि वर्षाच्या आत दुखणं लागलं. आधी डोळ्यांपुढं ऊन हलायचं, बोडीच्या, गावतळ्याच्या पाण्यावर हलतं तसं, वाकडंतिकडं. मग उजव्या बाजूला कोणीतरी मुसळ घेऊन कांडायला बसे. डावी बाजू शेजारणीसारखी नुसती ऐकत राही. भाताचा वास आला तरी पोट ढवळे, कोंबडं आरवलं तरी कवटीत भेग पडे.

"रोवणा आला का हिचं डोस्कं आलं," अंजनाबाई विहिरीवर सांगत. "मंडईच्या नाटकाले दुखते का पाहा. रातभर फतकल मारून बसते. दुसऱ्या दिवशी दुखते. काऊन? तं धानाच्या बांधीत जा लागते म्हणून!"

बायका हसत. त्यात खोटं काहीच नव्हतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, रातभर नाटक चाले, आणि दुसऱ्या दिवशीच दुखायचं.

मग उपाय सुरू झाले. डोकं थांबावं म्हणून सोमवार धरला. थांबलं नाही, म्हणून गुरुवार. तरी थांबेना, तेव्हा शनिवारही. जसे उपास वाढले तसं डोकं वाढलं, आणि डोकं वाढलं तसे उपास. अंजनाबाईंना वाटे, देव रागावला आहे. रुखमालाही तेच वाटे. देवाला काय वाटत होतं ते कोणी विचारलं नाही.

शेवटी तापल्या विळ्याचा डाग. तेव्हाही मुखरूच होता, अंगणही हेच. शेजारच्या दोघींनी हात धरले, आणि पाय धरले ते चंदानं. तेव्हा ती परकराची पोर होती. गच्च धरले होते, खेळात धरावे तसे. रुखमाचा नवरा सोमाजी बैलांना पाणी दाखवायला गेला होता. त्या दिवशी बैल फार वेळ पाणी प्यायले. जमलेल्या गावासमोर अंजनाबाई म्हणाल्या होत्या, "दुखणं नाई हे, ढोंग हाये. ढोंग जळलं का दुखणं आपल्यानंच जाते."

उजव्या कानशिलावर चिंचोक्याएवढा डाग राहिला. तिथं केस आले नाहीत. दुखणं मात्र येत राहिलं. फक्त रुखमा आता सांगत नव्हती. दात आवळून कांडायची, दात आवळून रोवायची. ती गप्प झाली म्हणजे बरी झाली असा अर्थ अंजनाबाईंनी काढला, आणि हे औषध सोयऱ्याधायऱ्यांत मोठ्या अभिमानानं सांगत सुटल्या. चंदाच्या लग्नातही सांगितलं. गुणवंतरावांनी ऐकून ठेवलं होतं.

"इवाईबुवा, पोरगी नाजूक हाये," अंजनाबाई आता दारातून म्हणाल्या. आवाज कधी नव्हे तो मऊ. "आज राहू द्या. दोन दिवसांनं पाहू."

"आता काऊन?" गुणवंतराव तंबाखू मळत म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता, शब्दाचा पक्का होता. त्याचाच त्रास अधिक. "तुमीच तं सांगतलं होतं इवाईनबाई, मांडवात. सुनेले डाग देल्ला आणि सुधारली म्हणून. तुमचीच दवा हाये. आमी का नवीन आणली?"

"तशी गोष्ट नाई..."

"मंग कशी हाये? आमच्या इथी धान कापणीले आला. मंडईचं नाटक पाह्यलं बाईनं सकाळवरी, अन् तवापासून हे अशी पडून हाये. उलटून तोंडाले लागते. डाग द्या, बरी करा, मी घेऊन जातो. नाईतं राहू द्या इथीच. भांडण नाई आपलं."

मुखरूनं विळा काढून पाहिला. टोक लाल झालं होतं, मधला भाग अजून काळा. पुन्हा आत घातला.

रुखमानं सूप झटकलं. तिला आत चंदाचं कण्हणं ऐकू येत होतं. ते कण्हणं तिच्या ओळखीचं होतं, स्वतःच्या आवाजासारखं. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून तिला भूक लागली होती. बऱ्याच वर्षांनी कडकडून, छान भूक.

कारण तिला ठाऊक होतं ते या अंगणात कोणालाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सोमाजीचा हिवताप डोक्यात गेला होता. आलापल्लीच्या पलीकडं जंगलातल्या एका दवाखान्यात त्याला नेलं, आणि त्याच्या खाटेजवळ बसल्याबसल्या रुखमाच्याच डोळ्यांपुढं ऊन हलायला लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला कोपऱ्यातल्या खोलीत निजवलं, खिडकी लावून घेतली, ओला पंचा कपाळावर ठेवला. आणि विचारलं, "किती दुखतं?"

हा प्रश्न रुखमाला सासरी कधी कोणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बसवून सांगितलं. "ही अर्धशिशी. काही माणसांचा मेंदू आणि त्याच्या शिरा जरा तापट असतात, बायकांच्या जास्त. पोट रिकामं राहिलं, झोप मोडली, ऊन लागलं, डोळ्यांवर भगभगीत उजेड आला, पाळी जवळ आली, की बिथरतात. खूपदा आईकडून लेकीला येतं. करणी नाही, वेड नाही आणि ढोंग तर नाहीच. अगदी मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही, पण आवरता येतं. उपाशी राहायचं नाही. जागायचं नाही. एक गोळी रोजची, फेरे कमी व्हायला. आणि दुसरी दुखणं सुरू होतंय असं वाटलं की ताबडतोब. बैल बिथरायच्या आत कासरा धरावा लागतो ना, तसं."

मग त्यांचं लक्ष कानशिलाकडं गेलं. "हे कोणी केलं?"

"पडली होती," रुखमा म्हणाली.

तेव्हापासून सोमाजी लाकडाच्या गाडीबरोबर आलापल्लीला गेला की गोळ्या आणी; आजही तो तिकडंच होता. त्या दिवशी बैलांना पाजलेलं पाणी तो असं थोडं थोडं फेडत होता. रुखमानं उपासही सोडले होते. सोमवारी गोठ्यात बसून गुपचूप शिळा भात खायची. गाय बघायची, पण गाय कोणाला सांगत नाही. दोन रोवण्यांत डोकं मोजून तीनदा उठलं. अंजनाबाई सगळ्यांना सांगत होत्या, डागासोबत उपासही फळले.

"रुखमा." अंजनाबाई सपरीत येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडावर धरलेला. "तू सांग वं त्याईले. डागानं नाई जात म्हणून. तुले तं मालूम हाये."

"मले काय मालूम, आत्याबाई?"

"जळल्यावर काय होते ते."

"माह्या बोलण्यावर कोण इसवास ठेवन? मी तं ढोंगी." सूप थांबलं नाही. "ढोंग जळलं आणि मी चांगली झाली. साऱ्या गावानं पाह्यलं."

अंजनाबाई खाली बसल्या. "झालं गेलं ते. म्या का मुद्दाम केलं? मोठ्या माणसानं बोलून गेलं तं एवढं मनात धरते का कोणी? चाल, चुकलं माह्यं. बस?"

"इथी नाई," रुखमा म्हणाली.

"म्हंजे?"

"इथी कोण हाये ऐकाले? मी अन् हे सूप. अंगणात जा. तिथीच बोलले होते नं तुमी? तिथीच बोला. इवाईबुवासमोर, मुखरूभाऊसमोर. म्हणा, माह्या सुनेचं डोस्कं खरं दुखत होतं. ढोंग नव्हतं. म्या डाग देल्ला तो फुकट देल्ला, त्याच्यानं काई नाई झालं."

"रुखमा, इवाई हाये तो. नाक जाईन माह्यं. सारं गाव थुंकन."

"जाऊ द्या नाक. पोरीचं कानशील राहीन."

मुखरूनं विळा बाहेर काढला. या वेळी तो पुरता लाल होता. "झालं बरं का, बाई. धरा आता कोणी तरी पाय."

आतून चंदानं हाक मारली. आईला नाही. "वैनी... वैनी वं..."

रुखमा अर्धी उठली. मग पुन्हा टेकली. आत्ता उठलं तर ही वेळ पुन्हा यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दया करायला अख्खा जन्म पडला होता. ती सासूकडं बघत राहिली. सुपातले तांदूळ मात्र जमिनीवर सांडत होते, आणि ते तिला कळत नव्हतं.

अंजनाबाई उठल्या. सपरीच्या तीन पायऱ्या उतरायला त्यांना वेळ लागला. अंगणाच्या मधोमध गेल्या आणि तोंडावरचा पदर काढला; तो काढल्याशिवाय सगळ्यांना ऐकू जाणार नव्हतं.

"मुखरू, ठेव तो इळा."

"काऊन, बाई?"

"ठेव म्हणतो नं!" मग गुणवंतरावांकडं न बघता, विहिरीच्या दिशेनं, अडखळत म्हणाल्या, "म्या खोटं सांगतलं होतं तुमाले. डागानं नाई सुधारली माही सून. तिचं डोस्कं खरं दुखे. ढोंग म्हन्लं म्या. ढोंग नव्हतं ते." आणि हळूच, "नव्हतं."

कुंपणापलीकडं दोन बायका घागरी घेऊन थबकल्या होत्या. रुखमानं त्या आधीच पाहून ठेवल्या होत्या.

मुखरूनं विळा पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं. "मी तं तवाच म्हन्लो होतो," तो म्हणाला. तवा तो काहीच म्हणाला नव्हता.

मग रुखमा उठली. आता तिला घाई झाली. खोलीत जाऊन तिनं झरोक्यात पोतं कोंबलं, चंदाच्या डोक्याची चिंधी सोडली, ओला पंचा ठेवला. उलटी थांबल्यावर मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं आणि गोळी दिली. मग दारातून अंगणाकडं बघून एवढंच म्हणाली, "मामाजी, तुमची गाडी आज जाऊ द्या. उद्या चंदाबाईले दवाखान्यात घेऊन जाऊ, मंग न्या."

दिवस कलायच्या आत चंदानं भात मागितला.

दवाखान्यातून परत आल्यावर चंदाला काय करायचं, काय नाही, ते रुखमानं गुणवंतरावांना नीट सांगितलं. ते ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, "म्हंजे उपास नाई, जागरण नाई, उनात उघड्या डोक्यानं नाई, अन् डोस्कं दुखलं तं काळोखात निजू द्याचं. सून हाये का कलेक्टर?"

"डागापेक्षा सस्तं पडते, मामाजी."

ते हसले आणि सुनेला घेऊन गेले. निघताना चंदा वहिनीच्या पाया पडायला वाकली. रुखमानं पाय मागं घेतले, पण जरा उशिरानं.

पौष महिन्यात धानाची मळणी सुरू झाली. खळ्यात कामाचा ढीग होता. एका सकाळी रुखमानं डोक्याला फडकं बांधलं, मधल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि भुईवर आडवी झाली.

"काय झालं वं?" बाहेरून अंजनाबाईंनी विचारलं.

"डोस्कं."

"अगं माय. निज, निज. चहा आणतो. पोटात काई हाये का?"

पावलं चुलीकडं गेली. चवड्यावर गेली, म्हातारीला चवड्यावर चालायची सवय नव्हती, कुठंतरी पाण्याच्या गंजाला धक्का लागला आणि तिनं स्वतःलाच शिवी हासडली, तीही कुजबुजत. मग कोंबड्या हाकलल्याचा आवाज. मग कुंपणाजवळून, दबक्या सुरात, शेजारच्या मनकर्णाला, "हळू कांड वं बाई. माह्या सुनेचं डोस्कं दुखून राह्यलं."

मुसळ थांबलं. सगळं अंगण गप्प झालं.

आत अंधारात रुखमा डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. डोळ्यांपुढं ऊन हलत नव्हतं. डोकं स्वच्छ होतं, दोन्ही बाजूंनी, घासून ठेवलेल्या भांड्यासारखं. कित्येक वर्षं ते खरं दुखलं, तेव्हा हे अंगण इतकं गप्प कधी झालं नव्हतं. ती शांतता ती ऐकत राहिली.

दाराशी चहाची कपबशी किणकिणली. कोणीतरी श्वास धरून उभं होतं.

रुखमानं कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं, आणि बारीक आवाजात अजून थोडी कण्हली.