तीन मैलांतले कावळे

श्रीधरपंतांना अक्कल नव्हती असं नाही. होती, पण ती कुठे वापरायची हे वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय त्यांना कळत नसे. नवा मध्य प्रदेश होऊन महिना झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि ग्वाल्हेर दरबारापासून तीन पिढ्या सरकारी खुर्चीला चिकटलेल्या या गृहस्थांना एकच घोर लागला होता, की भोपाळात आपल्याला कोण ओळखणार. त्यांची वहिनी विनोदिनी मात्र त्यांना चांगलं ओळखून होती. तिचा नवरा अरविंद गेला त्या दिवशीसुद्धा भाऊजी तिरडीशेजारी उभे राहून चपराशाला विमानाचं काहीबाही सांगत होते.

विमानाचं प्रकरण असं, की गावाबाहेर नानाखेड्याच्या पुढे धावपट्टी तयार झाली होती आणि नेमकं अरविंदच्या दहाव्यालाच, दुपारी बाराला, तिथे मंत्र्यांचं विमान उतरायचं होतं. बंदोबस्त श्रीधरपंतांकडे होता आणि वरून नियम आला होता. धावपट्टीपासून तीन मैलांत मेलेलं जनावर, हाडं, खरकटं काही पडू द्यायचं नाही, कारण पक्षी जमतात आणि विमानाला धडकतात. नियम चांगलाच होता हो. पण धावपट्टीला लागूनच एका बड्या ठेकेदाराचं हाडांचं गोदाम होतं आणि त्याला हात लावायची श्रीधरपंतांची छाती नव्हती. मग त्यांनी तीन मैलांचे सात मैल केले आणि शिप्रा नदीवरचा राम घाट, जिथे गाव दहाव्याचे पिंड ठेवतं, तो त्यात ओढला. घाटावर ठेकेदार नव्हता, नुसते भटजी होते. आठ दिवस माणसं गोफणी आणि फटाके घेऊन घाटावरचे कावळे हाकलत होती आणि पक्ष्यांचा बंदोबस्त झाल्याचं भोपाळला रोज कळवलं जात होतं. कावळ्यांना हुकूम वाचता येत नाही, ते सरळ गोदामावर जाऊन बसले. विनोदिनीबरोबर शाळेत शिकवणाऱ्या आणि सध्या तिचे तास घेणाऱ्या सुमनबाई नानाखेड्याहून भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी तिला हे सगळं सांगितलं होतं.

विनोदिनीच्या डोक्यावर वेगळीच टांगती तलवार होती. तेराव्यानंतर तिने मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून आपल्या बंगल्यावर राहायला यायचं, असं श्रीधरपंतांनी जाहीर केलं होतं. वहिनींना आधार हवा, म्हणे. आधार कुणाला हवा होता ते उभ्या गल्लीला माहीत होतं, कारण त्यांची स्वयंपाकीण महिन्यापूर्वीच काम सोडून गेली होती. विनोदिनी जिथे नांदली त्या दोन खोल्यांत त्यांचा मेव्हणा येणार होता. ती दोनदा नको म्हणाली, पण दुःखात बाईमाणूस काहीही बोलतं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं.

दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत. ती गेली, सुमनबाईंना सोबत घेऊन. मूलबाळ नसल्यामुळे क्रिया श्रीधरपंतांकडेच होती. डिसेंबरच्या थंडीत ओला पंचा नेसून त्यांनी पिंड मांडला आणि सगळे मागे सरकून वर बघू लागले. आभाळ कसं धुऊन पुसून ठेवलं होतं. कावळा शिवेना, म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा उरली आहे, असं समजायचं आणि घरच्यांनी एकेक वचन द्यायचं, ही रीत. पंतांनी काशीला श्राद्ध कबूल केलं, दादाच्या नावाने पाणपोई कबूल केली, पण शिप्रेवर साधी चिमणी उडाली नाही.

साडेदहा वाजले. चपराशी पायरीवर येऊन म्हणाला, "साब, टेम हो रहा है." पंतांचे दात वाजत होते. एरवी कावळा आलाच नाही तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. यज्ञेश्वर भटजी गेले आठ दिवस येईल त्या यजमानाला तेच करून देत होते. आज मात्र ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या पिशवीतून दर्भाची टोकं बाहेर आलेली विनोदिनीला दिसत होती आणि तिने तोंड उघडलं नाही.

शेवटी म्हाताऱ्या गोपाळकाकांनी भरल्या घाटावर सांगितलं, की अरविंदचा जीव बायकोत अडकलाय, तिचं काय ते बोल.

पंतांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि हात जोडले. "दादा, वहिनींची नोकरी सुटणार नाही. त्या आहेत त्या घरातच राहतील. दोन्ही खोल्या त्यांच्या, मी त्यात कधी पाऊल घालणार नाही."

चार नाही, चाळीस माणसांनी ते ऐकलं.

अरविंदचा कावळ्याबिवळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. आत्ता असता तर पोट धरून हसला असता, असं वाटलं आणि विनोदिनीला पहिल्यांदा भडभडून रडू आलं. तिने ते पदरात आवरलं.

"भटजी," ती म्हणाली, "आता दर्भ काढा."

भटजींनी क्षणात कावळा वळला आणि पिंडाला टेकवला.

पंत बघतच राहिले. "हे चालतं? मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"आपल्या हुकुमापासून तेच चालवतोय, साहेब," भटजी म्हणाले. "आपण विचारलं नाहीत."

पंत ओल्या पंच्यानिशीच जीपकडे पळाले. बाराला विमान आलं. घाटावरून आंघोळ करून निघालेल्या मंडळींनी ते पाहिलं. धावपट्टीच्या बाजूला कावळ्यांनी आभाळ काळं झालं होतं, त्याच्यावर विमानाने दोन फेऱ्या मारल्या आणि ते इंदूरकडे निघून गेलं. विनोदिनीने मान वर करून बघितलं. मग ती सुमनबाईंना म्हणाली, की चौदाव्या दिवसापासून माझे तास मीच घेईन.