पेडगावचं ऊन

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला आणि पेडगावच्या व्यंकटराव पाटलांची उर्दू बिनकामाची झाली. त्याआधी आसपासच्या गावांतला कुठलाही अर्ज त्यांच्या ओसरीवरून गेल्याशिवाय कचेरीत पोचत नसे. लोक सकाळपासून येऊन बसत, आणि व्यंकटराव दौतीत टाक बुडवून असं काही लिहीत की वाचणारा तहसीलदारही खुर्चीत सावरून बसे. निदान ते स्वतः तसं सांगत. आता अर्जसुद्धा हळूहळू मराठीतून जायला लागले. ओसरी रोज झाडली जाई, पण बसायला कोणी नसे. त्यांची बायको चतुराबाई दोन वेळा चहा ठेवायची आणि दोन्ही वेळा एकच कप भरायची. 

जखमेवर मीठ चोळायला जिंतूरचे व्याही किशनराव होतेच. त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ. भेटले की म्हणायचे, "आमच्याकडं डोंगर हाय, झाडी हाय, गार वारं हाय. माणूस आला की हालतच न्हाई. तुमच्या पेडगावाला काय हाय, व्याही?"  पेडगावला सपाट काळं रान होतं आणि त्यावर ऊन होतं.

घरी कोणी येईना म्हणून ते संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बसायला लागले. माघ सरत आला होता. असंच एकदा बाकावर एक साहेब बसलेले दिसले. शेरवानी, गळ्याला मफलर आणि सारखा खोकला. नाव गौस साहेब, राहणार हैदराबाद, परभणीकडच्या गाडीची वाट बघत होते. कितीतरी दिवसांनी उर्दू बोलायला माणूस भेटला, तेव्हा व्यंकटरावांनी असा काही लवून आदाब केला की साहेबांचा खोकला थांबला.

"पाटीलसाब, एक बात पूछना था," साहेब म्हणाले. "ऊन पेडगाव की अच्छी, के जिंतूर की?"

व्यंकटरावांना गहिवरून आलं. बिचारा आजारी माणूस, डॉक्टरनं कोरड्या हवेत राहायला सांगितलेलं दिसतंय. त्यात सभ्यपणा केवढा. आपल्याला बरं वाटावं म्हणून 'धूप' न म्हणता मराठी शब्द वापरतोय. फक्त चूक तेवढी करतोय, उन्हाला बाई करून टाकलंय.

"ऊन अच्छी नही साहेब, अच्छा," त्यांनी हळूच सुधारलं. "और पेडगाव का सबसे अच्छा."

"नरम है?"

"सुबह एकदम नरम. दोपहर को थोडा कडक."

साहेबांनी जरा विचार केला. "और उतरती कितने दिन में?"

"कितने दिन में?" व्यंकटरावांना हसू आवरेना. "रोज उतरता है, साहेब. शाम को."

"रोज?" साहेब बाकावरून अर्धे उठले.

"रोज. बारिश के चार दिन छोड दो."

"और जिंतूर में?"

आता व्यंकटराव रंगात आले. इतकी वर्षं पोटात साठलेलं उत्तर आज बाहेर पडत होतं. जिंतूरला डोंगर आहे, त्यामुळे ऊन उशिरा येतं. निम्मं डोंगरापलीकडेच अडकतं, उरलेलं झाडीत गुंततं. जे काही हाती लागतं ते पातळ, कवडशाएवढं. पेडगावला मात्र आडोसाच नाही, त्यामुळे ऊन बांधापासून बांधापर्यंत अंथरल्यासारखं पडलेलं असतं, कोणीही यावं आणि घ्यावं. साहेब ऐकत राहिले. झाडीत गुंततं म्हटल्यावर तर त्यांनी जाणकारासारखी मान हलवली.

गाडी आली. साहेब चढता चढता म्हणाले, "अगले जुम्मे को आता हूँ. जितनी है सब मेरी. दूसरे किसी को मत देना."

"हमारी तरफ से मुफ्त है, साहेब," व्यंकटराव म्हणाले. साहेबांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले.

घरी येताना व्यंकटरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. साहेब महिनाभर तरी राहणार. ओसरीवर माणसं येणार. किशनरावांच्या कानावर हे आपोआप जाणार, आणि आपोआप नाही गेलं तर ते पाठवता येणार होतं.

अडचण एकच होती. घरामागच्या रानात उमाजी हटकराची मेंढरं बसवलेली होती, खतासाठी. पाटलांनी स्वतःच बोलावून आणली होती. वास यायचा, धूळ उडायची, आणि साहेबाला तर खोकला. दुसऱ्या दिवशी ते उमाजीच्या पालापाशी गेले.

"उमाजी, आजच हालव मेंढरं. हैदराबादचं बडं माणूस यायलंय."

"पाटील, कातरणी धरलीय उद्यापासून," उमाजी म्हणाला. "कातरून जातो की."

"इथं नको. लोकर उडती. डोंगराकडं जा, जिंतूरच्या अंगाला. तिकडं कातर."

उमाजीची बायको केवळाबाई कातऱ्यांना धार लावत होती, ती उठली. "आमी काय आपल्या मनानं आलो व्हतो, पाटील? तुमीच बोलावलं. गाभण मेंढ्या हायत्या, त्यास्नी पळवायचं का आता?"

व्यंकटरावांना वाईट वाटलं. खरोखरच वाटलं. पण मोठ्या पाहुण्यापुढे वाईट वाटणं किती वेळ टिकणार? ते मान फिरवून परत आले, आणि उन्हं उतरायच्या आत रान मोकळं झालं.

शुक्रवारी अंगणात सावली पडणार नाही अशा जागी पलंग टाकला, त्यावर लग्नातली सतरंजी. हैदराबादचा साहेब उन्हात झोपायला येतोय म्हटल्यावर अख्खं गाव बघायला लोटलं. ओसरी भरली. चतुराबाईनं पुष्कळ दिवसांनी पातेलंभर चहा ठेवला. व्यंकटराव ओसरीकडे बघत होते आणि त्यांना जुने दिवस परत आल्यासारखं वाटत होतं.

साहेब बैलगाडीतून उतरले. त्यांच्या मागून दोन हमाल, मोठा तराजू आणि रिकाम्या गोणपाटांचा ढीग उतरला. व्यंकटरावांना तराजूचं नवल वाटलं, पण आजारी माणसाला वजन करायला लागत असेल. त्यांनी साहेबांना हाताला धरून पलंगावर बसवलं.

साहेब बसले. घाम पुसला. मफलर सैल केला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"पाटीलसाब, ऊन कहाँ है?"

"ये क्या, साहेब," व्यंकटरावांनी दोन्ही हात पसरले. "चारों तरफ."

साहेबांनी पुन्हा चारी दिशांना बघितलं.  मग साहेब उठले, रानाच्या काटेरी कुंपणापाशी गेले आणि काट्यात अडकलेला लोकरीचा एक पुंजका काढून आणला. तो तळहातावर ठेवून म्हणाले, "ये. ये ऊन. कंबल का कारखाना है मेरा. इसी की खांसी है."

व्यंकटरावांनी तो पुंजका बघितला. मुचलका, जमानत, बयनामा, अर्जातले सगळे शब्द त्यांना येत होते. पण मेंढीच्या अंगावरच्या वस्तूला उर्दूत काय म्हणतात, हे विचारायची वेळ कचेरीनं त्यांच्यावर कधी आणली नव्हती.

"और भेडां?" साहेबांनी विचारलं.

"भेज दिया," व्यंकटराव खाली बघत म्हणाले. "आपके वास्ते."

साहेबांना आधी कळलं नाही. मग 'रोज उतरता है' आठवलं आणि ते इतके हसले की खोकून खोकून पलंगावर आडवे झाले. त्यांच्याबरोबर ओसरीही हसली. हसू ओसरल्यावर डोळे पुसत त्यांनी विचारलं, "अब सच बोलो पाटीलसाब. कहाँ मिलेगी?"

माहीत नाही म्हणता आलं असतं. व्यंकटरावांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण धार लावलेल्या कातऱ्या तशाच उचलून निघालेली केवळाबाई त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि ते सगळ्या गावासमोर, मराठीतच म्हणाले, "जिंतूरला जावा, साहेब. ऊन तिकडचंच चांगलं." जरा थांबून पुढं म्हणाले, "उमाजी हटकर म्हणून विचारा. भाव चांगला द्या त्याला. आन् उतरायचं असंल तर... किशनराव म्हणून आमचे व्याही हायत."

बैलगाडी गेली. ही गोष्ट जिंतूरला कोण आधी पोचवतो म्हणून घाई झालेलं गावही उठून गेलं. ओसरी रिकामी झाली. पातेल्यातला चहा तसाच राहिला. व्यंकटराव पलंगाच्या काठावर, भर उन्हात बसून राहिले.

चतुराबाई दारात आली. "आत या की आता. किती येळ बसलाय. ऊन लागंल."

"कोणतं?" व्यंकटराव म्हणाले.