फलेसीचा हात

"ही दोरी कुणी बांधली?" म्वाले डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कात्री लावली. बांबूच्या कामट्या एकेक करून वऱ्हांड्यात पडल्या. आसपास बसलेल्या बायकांनी नाकाला कापड लावलं. आठ वर्षांच्या फलेसीचा उजवा हात कोपराखाली सुजून निळा झाला होता आणि मनगटापुढे काळा पडला होता. ती रडत नव्हती. नुसती छताकडे बघत होती, आणि तेच डॉक्टरांना आवडलं नाही.

"वैद्यानं बांधली," तिचा बाप फॅक्सन म्हणाला. "आमच्याकडं हाडं बसवतो तो."

"हाड झकास बसवलंय. हात तेवढा मारून टाकला. पडली कधी?"

"मागल्या रविवारी. आंब्यावरून."

"आणि आज शुक्रवार. इतके दिवस काय, वास येण्याची वाट बघत होतास?"

खरं सांगायचं तर फलेसी पडली त्याच दुपारी फॅक्सनने सायकल बाहेर काढली होती. सायकलवरच त्याचं पोट होतं; चौफुलीवरून माणसं, पोती, कोंबड्या जे मिळेल ते मागे बसवून गावोगाव पोचवायचं. पोरीला मागे बसवणार, तेवढ्यात जायलोसी आला. जायलोसी म्हणजे फॅक्सनच्या बायकोचा थोरला भाऊ, फलेसीचा मामा. तो म्हणाला, वैद्याकडे न्यायचं. फॅक्सनने सायकल परत भिंतीला टेकवली. चेवा जमातीचा माणूस लग्न झालं की घरजावई होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण सगळेच होतात. बायकोच्या गावात राहायचं, बायकोच्या जमिनीत राबायचं, आणि झालेली पोरं बायकोच्या कुळाची. कुळाचा कारभारी मामा. बापाने लाड करावेत, मामाने निर्णय करावेत, अशी सोयीची वाटणी पहिल्यापासून चालत आलेली.

"कोपराच्या वर कापावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "आजच. हात गेला तर पोरगी राहील. हात ठेवलास तर दोन्ही जातील. सही कर."

"तिच्या मामाला विचारावं लागेल."

"तू बाप आहेस ना?"

"बाप आहे, म्हणून तर विचारावं लागेल."

म्वाले खरं तर डॉक्टर नव्हते. तीन वर्षं शिकून बाहेर पडलेले क्लिनिकल ऑफिसर होते. पण त्या जिल्ह्यात पोट उघडणारा, अडलेलं मूल काढणारा आणि हाड कापणारा माणूस तेवढा एकच. शिकलेले सर्जन राजधानीत, लिलाँग्वेला राहतात, तिथे वीज असते.

"मग लवकर विचार," ते म्हणाले. "उद्या पहाटे मला लिलाँग्वेला मीटिंग आहे. बुधवारपर्यंत इथं कापणारं कुणी नाही. मीटिंग कशाबद्दल आहे, सांगू? खेड्यातल्या शस्त्रक्रिया कशा वाढवायच्या त्याबद्दल."

सिस्टर चिपेटा मागून म्हणाली, "हातमोज्यांचे दोनच जोड उरलेत, डॉक्टर. एक मी बाळंतिणीसाठी दडवून ठेवलाय. आणि वीज दुपारी जाते."

"ऐकलंस? दुपारच्या आत."

जायलोसी सरकारी खताच्या रांगेत उभा होता, तालुक्याच्या गावी. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला फोन लागला.

"बोला दाजी. पोरगी खेळायला लागली असेल."

"हात कापायचा म्हणतात, मामा."

पलीकडे रांगेतला गलका ऐकू येत राहिला. मग जायलोसी म्हणाला, "म्हणतात म्हणजे? दवाखान्यात कुणी नेली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"वास यायला लागला होता."

"वैद्यानं सांगितलं होतं की नाही, मध्ये सोडायचं नाही म्हणून? आता सोडल्यावर हात बिघडणारच. मी येईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही तिला."

"डॉक्टर म्हणतात, दुपारच्या आत."

"डॉक्टर तिचा मामा आहे का?"

"तुम्ही कधी याल?"

"खत मिळालं की. कधी मिळेल ते सरकारला विचारा." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

इस्पितळाच्या मागे पत्र्याची एक लांब पडवी होती. रोग्यांबरोबर आलेली माणसं तिथे राहायची, तीन दगड मांडून मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवायची आणि एकमेकांच्या रोग्यांची विचारपूस करता करता मीठ मागून घ्यायची. फॅक्सनची बायको एस्नात तिथे पाण्याची बादली पुढ्यात घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारी पिठात लाकडी पळी फिरवत होती. न विचारता तिने सल्ला दिला.

"माझ्या नातवाच्या वेळी आम्ही थांबलो होतो बाबा. पोटात आतडं पिळलं होतं. मामा आला रीतसर, बस बदलून बदलून. नातू नव्हता तोवर. पण घरात शब्दाला शब्द लागला नाही कुणाचा."

फॅक्सनला म्हातारीच्या तोंडावर पळी मारावीशी वाटली. तो एस्नातजवळ उकिडवा बसला.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"थांबा म्हणाला."

"मग थांबायला पाहिजे."

"ती थांबणार नाही, एस्नात."

एस्नातने बादली जवळ ओढली. "सही केलीत तर तुम्हाला ठेवणार नाहीत गावात."

"माहीत आहे."

"पोरगीही नाही मिळणार."

"जिवंत राहील ना पण."

"मला विचारतील, तू कुठं होतीस. मी सांगेन, पाणी आणायला गेले होते." बादली काठोकाठ भरलेली होती. तिने ती उचलली, पडवीच्या कडेला ओतून टाकली, आणि रिकामी बादली घेऊन नळाकडे निघाली. नळावर मोठी रांग होती. ती शेवटी जाऊन उभी राहिली आणि तिने इस्पितळाकडे पाठ केली.

फॅक्सनने आत जाऊन सही केली. शाळेत शिकलेलं अक्षर, आडव्या रेघेला धरून. डॉक्टरांनी विचारलं, "नातं काय लिहू?"

"बाप."

"सकाळी एवढंच म्हटलं असतंस तर वीज जायच्या आत उरकलं असतं."

रक्त कुणाचं मिळेना. फॅक्सनचं तपासलं तर नेमकं जुळलं. त्या बाबतीत मात्र कुळ आडवं आलं नाही. पिशवी भरून दिल्यावर तो ऑपरेशनच्या खोलीच्या खिडकीखाली, भिंतीला टेकून बसला. काच फुटलेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. गुंगीच्या औषधात फलेसी बडबडत होती. आंबे वाटत होती. हा आईला, हा आजीला, हा मोठा मामाला. फॅक्सन कान लावून बसला. त्याच्या वाटणीचा आंबा आला की नाही ते त्याला कळलं नाही, कारण तेवढ्यात करवत सुरू झाली. मध्ये सिस्टर म्हणाली, "गेली बघा वीज," आणि डॉक्टर म्हणाले, "मोबाइल जवळ धर, अजून जवळ, मला माझी बोटं दिसत नाहीत."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा डगला रक्ताने भिजला होता आणि चेहरा इतका थकलेला की फॅक्सनला त्यांचीच काळजी वाटली. "जगेल," ते म्हणाले आणि पायरीवर बसून त्यांनी डोळे मिटले. मागून सिस्टरने जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं आणलं.

"हे तुम्ही न्यायचं. जाळायची भट्टी बिघडलीय, मागच्या खड्ड्यातलं कुत्री उकरून खातात. तुमच्याकडं पुरतात ना? पुरा नीट."

बोचकं जेमतेम हातभर होतं. फॅक्सनने ते दोन्ही हातांनी घेतलं, जसं पोर जन्माला आलं तेव्हा घेतलं होतं. मग सायकलच्या कॅरिअरला रबरी पट्टीने बांधलं, ओढून बघितलं, आणि फार आवळलं असं वाटून सैल केलं.

जायलोसी तासाभरातच आला. खताचं पोतं त्याने फाटकाजवळ मिनीबसमधून उतरवून घेतलं, त्यावर कुणी लक्ष ठेवायचं ते ठरवलं, आणि मग वॉर्डात गेला. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर फलेसी झोपली होती. खांद्याखाली पट्ट्यांचा गोळा. एस्नात शेजारी बसली होती, भावाला बघताच म्हणाली, "मी पाणी आणायला गेले होते." जायलोसी बाहेर येऊन पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला.

"दाजी, उद्या हिचं लग्न कोण करेल? कोणत्या हातानं कांडेल, कोणत्या हातानं पोर उचलेल?"

"जिवंत आहे, मामा."

"जिवंत तर शेळीही असते. मी थांबा म्हटलं होतं. तुम्हाला थांबता आलं नाही, कारण पोर तुमची नाही. ज्याचं असतं तो जपून वापरतो." पडवीतली म्हातारी हुंकारली. "बरी झाली की आम्ही नेऊ तिला. तुम्ही यायचं नाही. तुमची चटई आणि कुदळ चौफुलीवर पोचती होईल."

फॅक्सनला हे अपेक्षित होतं. त्याने सायकलकडे बोट दाखवलं. "हात तेवढा गावच्या दफनभूमीत पुरू द्या. कोपऱ्यात कुठंही."

"तिथं सबंध माणसं येतात. तुकड्यातुकड्यानं येत नाहीत."

"मग मी ह्याचं काय करू?"

"कापताना मला विचारलंत? मग पुरायलाही विचारू नका."

तेव्हा तो आपल्या आईच्या गावी गेला. ते फार लांब नव्हतं, पण सगळा चढ होता, आणि एरवी मागे दीडशे किलो घेऊन चढणारा माणूस त्या दिवशी उतरून सायकल ढकलत गेला. त्याचा स्वतःचा मामा आंब्याखाली जाळं विणत बसला होता. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मध्येमध्ये चुकचुकला, आणि शेवटी मान हलवली.

"लेक तुझी, कुळ तिचं. परक्या कुळाचा हात आमच्या आजीपणजीच्या शेजारी ठेवला तर त्या विचारतील मला, ही कोण?"

"माझी मुलगी आहे ती, मामा."

"म्हणून तर वाईट वाटतंय. बस, न्सिमा खाऊन जा."

तो बसला नाही. कुदळ तेवढी मागून घेतली. डांबरी रस्त्याला लागला आणि एका मोरीजवळ थांबला. रस्ता सरकारचा, रस्त्याच्या कडेची पट्टीही सरकारची. तिथे कुणाचा मामा नसतो. उन्हं उतरायच्या आत त्याने हातभर खोल खणलं, बोचकं ठेवलं, माती लोटली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मोरीतले धोंडे आणून वर रचले. काही तरी म्हणावं असं वाटत होतं. माणूस मेलं की काय म्हणायचं ते ठरलेलं असतं, पण इथे तर कुणी मेलं नव्हतं. येणारेजाणारे बघत होते. तो हात झटकून निघाला.

फलेसी इस्पितळात होती तोवर तो एकदाच तिला भेटू शकला, जायलोसी नसताना. केळी घेऊन गेला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"दुखतं का?"

त्याने केळं सोलून तिच्या डाव्या हाताशी धरलं. तिने ते घेतलं नाही.

"तुम्ही सगळ्यांना विचारत होतात," ती भिंतीला म्हणाली. "डॉक्टरला, आईला, मामाला. मला कुणीच नाही विचारलं. हात माझा होता."

सोललेलं केळं तो शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन आला.

पुढे पाऊस झाला, मका डोक्याएवढा वाढला. फॅक्सन आईच्या गावी राहू लागला आणि चौफुलीवर सायकल घेऊन उभा राहू लागला. बायकोच्या गावच्या बाजूला तो फाट्यापर्यंतच जाई. एक दिवस त्या गावची डोरिका नावाची बाई टोपली घेऊन त्याच्या मागे बसली. अर्ध्या वाटेत तिला राहवलं नाही.

"तुझी पोरगी बरी आहे. डाव्या हातानं झाडते, पाणी आणते."

"शाळेत जाते?"

"जाते. पोरं चिडवतात. तिचा मामा सगळ्यांना सांगत फिरतो, बापानं हात विकला म्हणून. जादूटोण्याची औषधं करणाऱ्यांना. सायकलवर बांधून नेताना अख्ख्या दवाखान्यानं बघितलं. कुठं पुरला ते कुणी बघितलं नाही."

"पुरू दिला नाही मला त्यानंच."

"मला सांगून काय उपयोग," डोरिका म्हणाली. "मी काय तिची मामी आहे?"

"ती काय म्हणते?"

"कोण, फलेसी? तुझं नाव काढलं की उठून जाते." तिने टोपली सावरली. "रडते मात्र बोटांसाठी. नसलेली बोटं खाजतात म्हणे तिची. सारखी म्हणते, खाजवा कुणीतरी. आता काय खाजवणार? आई बिचारी उरलेल्या दंडावरून हात फिरवत बसते. तिथं नाही, खाली, म्हणून पोरगी ओरडते."

फाट्यावर डोरिका उतरली. पैसे द्यायला लागली तर फॅक्सनने नको म्हटलं. तिने आग्रह केला नाही.

परतीच्या वाटेवर त्याने मोरीजवळ सायकल आडवी टाकली. धोंड्यांवर गवत आलं होतं. त्याने एकेक धोंडा बाजूला काढला, खालची ओली जमीन मोकळी केली, आणि गुडघ्यांवर बसून ती बोटांनी खाजवू लागला. आधी हलकेच, मग जरा जोरात, एका जागी, मग थोडं खाली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याने वेग कमी करून विचारलं, "काय हरवलं का भाऊ?"

"नाही," फॅक्सन म्हणाला आणि खाजवत राहिला.