बोस्टनहून आलेला टॉम लॅव्हिन

चालत्या लॉरीत, दुधाच्या रिकाम्या कॅनांच्या मधोमध, एका पायावर उभा राहून फिंटन आपली काळी पॅंट उतरवत होता. वळण आलं की तो कॅनांवर आदळे आणि सगळी टीम खिदळे. कप्तान मॅटी डफीनं त्याच्या अंगावर हिरवी जर्सी फेकली.

"आज तू कोण रे?"

"टॉम लॅव्हिन."

"मोठ्यानं बोल. ड्रमलाराची पोरं विचारतील तेव्हा तत-पप करशील."

"टॉम लॅव्हिन. बोस्टनहून आलोय."

"कशाला आलायस?"

"मावशीच्या मयताला."

"अरे, मागच्या सामन्यालाही मयतच होतं! किती वेळा मारशील लेका त्या बिचारीला?"

लॉरी हसून हसून डुगडुगली. फिंटनही हसला, पण बोटं बुटांच्या नाड्यांशी झटत होती. बांधलेली गाठ त्यानं सोडली, परत बांधली, परत सोडली. आठवडाभर हेच चाललं होतं. हातात घेतलेलं एक काम धड तडीला जात नव्हतं.

टॉम लॅव्हिन नावाचा माणूस खरोखरच होता. फिंटनचा मावसभाऊ. तो बोस्टनला जाऊन वर्षं लोटली होती आणि त्यानं आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण पाद्री व्हायला सेमिनरीत गेलेल्या पोरानं सुट्टीतसुद्धा तिकीट लावलेल्या सामन्यात उतरायचं नाही, असा तिथला नियम. आणि फिंटन गेराटी नसेल तर किलकॅरनला जिल्ह्याची अंतिम फेरी स्वप्नातसुद्धा दिसायची नाही, हा दुसरा नियम. मग गावानं तोड काढली. दोन वर्षं टॉम लॅव्हिन खेळत होता, टॉम लॅव्हिनचं नाव पेपरात येत होतं आणि पानपानभर कौतुक होत होतं. मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही खरं काय ते ठाऊक होतं. पण सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

मंगळवारी सुट्टी संपत होती. यंदा परत गेला की पुढची वर्षं उन्हाळ्याचीही सुट्टी नाही, आणि नंतर गळ्यात पाद्र्याची पांढरी पट्टी. म्हणजे आजचा सामना शेवटचा. फिंटनला परत जायचं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती. रात्री पडल्या पडल्या तो ती चार शब्दांत जुळवायचा आणि सकाळी आईचं तोंड बघितलं की ते चारही शब्द घशात अडकायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

आईला सांगणार कसं? डीलिया गेराटी, नवऱ्यामागं दोन गाई आणि दलदलीच्या काठची जमीन सांभाळणारी बाई. तिला आधी कोण विचारत होतं? फिंटन सेमिनरीत गेला आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावरचे लोक सरकून तिला जागा देऊ लागले. दुकानदार चार गिऱ्हाइकं बाजूला ठेवून तिची साखर आधी बांधू लागला. आणि सेमिनरी अर्धवट सोडून आलेल्या पोराच्या आईचं काय होतं, तेही फिंटननं पाहिलं होतं. वरच्या अंगाला राहणाऱ्या मिसेस हार्ट पोरगा परत आल्यापासून मागच्या खांबाआड बसत, आणि प्रार्थना संपायच्या आत बाहेर पडत.

त्यात हा आठवडा. जेव्हा बघावं तेव्हा आई खिडकीपाशी त्याचे सदरे मांडीवर घेऊन बसलेली. सेमिनरीतल्या धोब्याला कपडे ओळखू यावेत म्हणून प्रत्येक कपड्यावर नंबर शिवायचा असे. फिंटनचा चौऱ्याऐंशी. दर वर्षी ती लाल दोऱ्यानं तो शिवत बसे, मोज्यांवरसुद्धा. यंदा फिंटन आत आला की ती कामावर हात ठेवून बाहेर बघत राही. एकेक टाका तिथं पडत होता आणि जीव इथं आवळला जात होता. मग तो अंगणात जाई आणि अंधार पडेस्तोवर घराच्या भिंतीवर चेंडू आपटत राही. पायाला नुसती भिंगरी.

"भिंत पाडशील," आई आतून म्हणायची. तेवढंच. आवाज चढवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. शेतातून जेवायला बोलवायचं तरी ती बादलीवर डाव वाजवायची.

आज सकाळी त्यानं उगाच विचारलं होतं, "तू येणारेस का सामन्याला?"

"गाय व्यायला झालीय. मी कुठं येऊ?"

ती यायची नाही हे त्याला ठाऊक होतं. ती कधीच आली नव्हती.

मैदानावर पावसाची बुरबुर होती. ड्रमलाराचा बचावपटू, बैलाच्या मानेचा गडी, पहिल्या मिनिटापासून फिंटनला चिकटला.

"फादर," तो कानाशी कुजबुजला, "माझ्या हातून एक पाप घडणार आहे. आधीच माफी देऊन ठेवा."

आणि त्यानं कोपर बरगडीत घातलं.

"मी टॉम लॅव्हिन," फिंटन कळवळत म्हणाला.

"हो का? मग बोस्टनला जाऊन रड."

चेंडू हातात आला की मात्र फिंटनच्या अंगातलं ते सगळं भिरभिरं एका जागी गोळा व्हायचं. त्यांच्याकडच्या फुटबॉलात हातही चालायचे. चेंडू हातात घ्यायचा, दोन ढांगा टाकायच्या, पायाच्या बोटांवर टेकवून परत हातात झेलायचा, आणि पळत सुटायचं. त्या पळण्यात ना मंगळवार होता, ना पुढचा बाक. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक गुण. पांढऱ्या डगल्यातला पंच पांढरं निशाण हलवायचा आणि किलकॅरनची माणसं "टॉम! टॉम!" म्हणून कोकलायची. लाकडी बाकांवर मधोमध, छत्रीखाली, गावचे थोरले फादर टर्नी बसले होते. तेही "शाबास, टॉम!" म्हणाले, असं मॅटी नंतर शपथेवर सांगत होता.

सामना संपत आला तेव्हा किलकॅरन दोन गुणांनी मागं होतं. चेंडू घसरत फिंटनच्या पायाशी आला. त्यानं तो उचलला. बैलमान्या चिखलात घसरला होता. समोर एक बचावपटू, एक गोलकीपर. तिथून दांडीवरून मारणं डाव्या हातचा मळ होता, पण त्यानं एकच गुण मिळणार. जाळ्यात घातला तर तीन. आणि चुकला तर काहीच नाही. फिंटनचे पाय थबकले. जन्मात पहिल्यांदा चेंडू हातात असताना थबकले.

"टॉम! वरून मार, टॉम!" सगळे ओरडत होते.

आणि त्या कालव्यात एक आवाज आला. बाईचा. चिरका, फाटका, जणू कधी वापरलाच नव्हता असा.

"फिंटन! जा, फिंटन! आत जा!"

आजूबाजूचा ओरडा कापल्यासारखा थांबला. थोरल्या फादरांच्या देखत, भर मैदानात, त्याचं खरं नाव! फिंटनला वाटलं, संपलं. आणि त्याच क्षणी छातीवरची धोंड उतरल्यासारखं झालं. सुटलो एकदाचा! तो आत शिरला. बचावपटूला खांद्यानं बाजूला केलं, गोलकीपर पायाशी झेपावला, आणि चेंडू त्याच्यावरून जाळ्यात गेला. पंचानं हिरवं निशाण उचललं.

एका गुणानं जिल्हा जिंकला. लोकांनी त्याला चिखलातून उचललं, पाडलं, परत उचललं.

"कोण होती रे ती भवानी?" मॅटी त्याच्या कानात ओरडला. "तोंडात बोळा कोंबायला हवा होता तिच्या! फादर तिथंच बसले होते!"

"मला काय माहीत," फिंटन म्हणाला. त्याची नजर माणसांवरून फिरत होती, पण टोप्या, छत्र्या आणि उघडी तोंडं यांपलीकडं काही दिसत नव्हतं.

फाटकाशी फादर टर्नी उभे होते. फिंटन त्यांच्यापुढं गेला आणि मान खाली घालून वाट बघू लागला. आता हे म्हणतील, उद्याच सेमिनरीला कळवतो. म्हणा. म्हणा एकदाचं.

"टॉम लॅव्हिन ना तू?" फादर म्हणाले.

"मी... हो, फादर."

"एवढ्या लांबून आलास, सार्थक झालं. छान खेळलास." त्यांनी छत्री झटकली. "फिंटन गेराटी भेटला तर त्याला सांग, मंगळवारची गाडी चुकवू नकोस म्हणावं."

"फादर, मघाशी कुणीतरी..."

"काही ओरडलं म्हणे कुणी." फादरांनी आपल्या कानाला हात लावला. "हा कान माझा कधीच कामातून गेलाय. आणि दुसऱ्या बाजूला छत्री होती."

ते डोळे मिचकावून निघून गेले. भला माणूस. फिंटनला मात्र त्या भलेपणानं चक्क रडू आलं. उघडलेलं दार त्यांनी पुन्हा हळूच लोटून दिलं होतं. आता परत तेच, ते चार शब्द, आणि ते आता त्याचे त्यालाच म्हणावे लागणार होते.

लॉरीतून उतरून तो घराकडं निघाला तेव्हा पाऊस थांबला होता. वाटेत मिसेस हार्टचं घर लागलं. खिडकीत दिवा होता, पडदा ओढलेला होता. त्यानं दगडाला लाथ मारली, पुढं जाऊन त्याच दगडाला परत मारली.

गोठ्यात डोकावला तर गाय शांत रवंथ करत उभी होती. व्यायची काहीच लक्षणं नव्हती.

आत आई चुलीपाशी होती. टेबलावर चहा, पाव आणि लोणी मांडलेलं.

"जिंकलो," तो म्हणाला.

आईनं मान हलवली आणि किटलीकडं बोट केलं. चुलीच्या उबेला तिचे रविवारचे जोडे वाळत ठेवले होते. टाचांपर्यंत चिखल. त्यांच्या वाटेवरचा चिखल दलदलीचा, काळा. हा पिवळा होता, फिंटनच्या गुडघ्यांवर होता तसाच.

"आई, तुझा घसा..."

"सर्दी," ती म्हणाली. म्हणजे म्हणायला गेली. बाहेर आली ती नुसती फुसफुस.

 तो आतल्या खोलीत गेला. खाटेखालून ट्रंक ओढली, बूट तळाशी घालायला म्हणून वरचे सदरे उचलले आणि हात थांबला. कॉलरच्या आत नंबर नव्हता. त्यानं सदरा खिडकीशी नेला. पांढऱ्या कापडावर सुईची बारीक भोकं उरली होती, आणि नीट बघितलं तर त्या भोकांत अजून चौऱ्याऐंशी वाचता येत होतं. दोरा मात्र उसवून काढलेला. दुसऱ्या सदऱ्याचा तसाच. मोज्यांचाही. एकही कपडा सोडला नव्हता. ट्रंकेच्या कोपऱ्यात एका रिकाम्या रिळावर ते लाल दोऱ्याचे तुकडे गाठी मारून, एकाला एक जोडून गुंडाळून ठेवले होते. आईच्या घरात दोरा फेकला जात नसे.

आठवडाभर ती खिडकीत बसून हे करत होती. तो बाहेर भिंतीवर चेंडू आपटत होता, आणि आत ती एकेक टाका काढत होती.

खूप वेळानं तो स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीवर बसला. आई पाठमोरी होती, चुलीतले निखारे सारखे करत होती. सारखेच होते ते.

"आई."

"चहा गार होतोय."

"फादर टर्नी म्हणाले, त्यांना काही ऐकू आलं नाही."

आईनं चिमटा खिळ्याला अडकवला. ॲप्रनला हात पुसले. घसा साफ केला, आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा साफ केला.

"मग आणखी मोठ्यानं ओरडायला हवं होतं मी," ती म्हणाली, आणि त्याच्या पावाला लोणी लावायला घेतलं.