फिरवलेले जोडे

"आज जिक्र लवकर संपला?" मी विचारलं. हे आत आले आणि जाड कोट अंगात तसाच ठेवून भिंतीला टेकून बसले.

"अहो, बोला की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

"माझे जोडे दाराकडे तोंड करून ठेवले होते," हे म्हणाले.

माझे हात कणकेत तसेच राहिले. गावात पाहुण्याचे जोडे आदरानं परतीच्या दिशेला फिरवतात, ते वेगळं. आमच्या पीरांच्या मठात, खानक्यात, जोड्यांचं तोंड आत असतं. ज्याचे बाहेर फिरवले, त्यानं कायमचं निघून जायचं. का म्हणून त्यानं विचारायचं नाही आणि कुणी सांगायचंही नाही.

मर्गिलानच्या गिरणीत रेशीम उकलण्यात या माणसाचा जन्म गेला, पण गुरुवार कधी चुकला नाही. खानक्यात समोवार पेटवायचा, सगळ्यांना चहा द्यायचा, मग जिक्राच्या रिंगणात बसून अल्लाचं नाव घ्यायचं. मुलगा रशियात कामाला गेला आणि तिकडेच वारला, तेव्हा त्या रिंगणानंच यांना सावरलं. मला कुणी सावरलं ते विचारू नका.

"जाऊन विचारा तरी एकदा."

"विचारायचं नसतं, अगं."

"मग मी विचारते."

"तुला माझी शपथ आहे."

मग स्वतःची चूक शोधत बसले. मागच्या खेपेला डुलकी लागली होती म्हणे. चहा कडू झाला होता म्हणे. खानक्यातून एक जण विचारपूस करायला आला, सोबत रश्श्याचं भांडं घेऊन. "बरा आहे मी," म्हणत हे त्याला दारातूनच वाटेला लावून आले आणि भांड्याकडे बघत म्हणाले, "निरोपाचं जेवण." मला रागही येईना, रडूही येईना. असला हट्टी माणूस!

दर गुरुवारी हे खानक्याच्या मागच्या भिंतीला कान लावून उभे राहायचे, भर बर्फात. खोकला छातीत उतरला, अंथरूण धरलं. डॉक्टरीणबाई नुसती मान हलवून गेली. तेव्हा मात्र मी ती शपथ घातली चुलीत आणि तडक खानका गाठला.

स्वयंपाकघरात पीरांची नवी सून जिलोला गाजरं चिरत होती. कोकंदची पोर, लग्नाला दोन महिनेही नसतील झाले. "खाला! तुर्सुनबाबा बरे आहेत ना? त्यांना वाकवत नाही, म्हणून मी त्यांचे जोडे फिरवून ठेवले होते. तेव्हापासून दिसलेच नाहीत."

वाटलं, एक थोबाडीत द्यावी. पण पोर इतक्या मायेनं बोलत होती, की मी सगळं सांगून टाकलं. गाजरं तशीच टाकून ती पीरांकडे धावली.

पीर होते तसेच उठून आमच्या घरी आले, मागोमाग सगळी मंडळी. यांच्या उशाशी बसून पीरांनी यांचा हात हातात घेतला. "तुर्सुन, पोरीनं अजाणता केलं रे. तुला कुणी घालवलं नाही."

यांनी डोळे उघडले. "म्हणजे... गुरुवारी येऊ मी?"

"आजच गुरुवार आहे," पीर म्हणाले.

शनिवार होता. पीरांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्या एवढ्याशा खोलीत यांच्याभोवती रिंगण बसलं. 'अल्ला हू' सुरू झालं. यांचे ओठ हलत होते, पण श्वास मागे पडत होता. पीरांनी हात वर केला, तशी सगळ्यांनी लय सावकाश केली. यांचा श्वास येईल, तेव्हाच बाकीच्यांनी घ्यायचा. यांचा आला, की अख्ख्या खोलीचा यायचा. मी दाराशी उभी होते. मग सगळे यांच्यासाठी थांबले. कुणीच आधी श्वास घेईना.